दिव्यांग विद्यार्थ्याला शाळेत इजा झाली, तर शाळेची जबाबदारी कुठपर्यंत?

प्रश्न असा आहे. पुण्यातील एका खासगी, मान्यताप्राप्त शाळेत चौथीत शिकणारा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे आणि त्याला फिट येण्याचाही त्रास आहे. पालकांनी स्वखर्चाने नेमलेल्या शॅडो टीचर (शाळेत फक्त या मुलासोबत राहणाऱ्या मदतनीस शिक्षिका) त्या दिवशी रजेवर होत्या आणि तसा मेसेज आईने सकाळीच वर्गशिक्षिकांना पाठवला होता. मधल्या सुट्टीनंतर मुलगा वर्गाबाहेर पडला, ते कोणाच्या लक्षात आले नाही, आणि जिन्यावरून पडून त्याच्या कोपराचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करावी लागली. शाळेचे म्हणणे, "तो नेहमीच असा पळतो, आम्ही किती लक्ष ठेवणार?" शिवाय प्रवेशाच्या वेळी आईकडून लिहून घेतलेले, कोणत्याही इजेस शाळा जबाबदार राहणार नाही, असे हमीपत्र शाळेने पुढे केले आहे. शाळा खरोखर जबाबदार ठरते का आणि आता नेमके काय करावे, असे आईने विचारले आहे.

तुम्ही सांगितलेली हकिकत कागदोपत्री सिद्ध होणार असेल, तर शाळा जबाबदार ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे सर्वांत भक्कम कारण शाळेच्या स्वतःच्या उत्तरातच आहे. तो नेहमीच पळतो, असे शाळा म्हणते, तेव्हा धोका आपल्याला आधीपासून माहीत होता, हे ती मान्य करते. निष्काळजीपणाच्या दाव्यात न्यायालय दोनच गोष्टींवर सर्वाधिक वेळ घालवते: शाळेला काय माहीत होते, आणि ते माहीत असताना तिने काय केले. मुलाचे निदान, त्याची वर्गाबाहेर पळण्याची सवय, त्याला येणाऱ्या फिट आणि त्या दिवशी सोबत कोणी नसणे या चारही गोष्टी शाळेला ठाऊक होत्या. "किती लक्ष ठेवणार" हा प्रश्न शाळेने स्वतःला सकाळी मेसेज मिळाल्यावर विचारायला हवा होता. अपघातानंतर तो पालकांना विचारून उपयोग नाही.

शाळेत असताना मुलाची काळजी शिक्षकांनी पालकाच्या जागी राहून घ्यायची असते, हे तत्त्व आपल्याकडे पक्के झालेले आहे. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल हिमाचल प्रदेशात गेली असता १४ मुले बियास नदीत बुडाली. हिमाचल उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपये भरपाई ठरवली आणि २००१ मध्ये एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सोबत गेलेल्या शिक्षकांच्या निष्काळजीपणाचा भार संस्थेवर येतो, हे त्या निकालातून ठरले. त्यामुळे वर्गशिक्षिकांवर बोट ठेवून व्यवस्थापनाला बाजूला होता येणार नाही, आणि तुमचा दावाही मुख्यतः संस्थेविरुद्ध असावा. चाळीस मुलांचा वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या शिक्षिकेला एकटीलाच आरोपी करणे मला न्याय्य वाटत नाही.

दिव्यांग मुलाच्या बाबतीत ही काळजी सर्वसाधारण मुलाइतकीच असावी की जास्त, हा पुढचा मुद्दा. त्यासाठी आम्ही वकील ज्या निकालाचा आधार घेतो, तो १९५१ चा, हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे इंग्लंडमधील तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाचा आहे. स्टेपनी येथील नगरपालिकेच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या, एका डोळ्याने अधू असलेल्या कामगाराच्या चांगल्या डोळ्यात धातूचा कण उडाला आणि तो पूर्ण अंध झाला. इतर कामगारांना संरक्षक चष्मा देण्याची रीत नव्हती, तरी या माणसाची अवस्था मालकाला माहीत असल्याने त्याला तो द्यायला हवा होता, असे तेथे ठरले. परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसले, तरी अपकृत्य कायद्याचा (निष्काळजीपणासारख्या चुकीने झालेल्या नुकसानीची भरपाई ठरवणाऱ्या दिवाणी कायद्याचा) बराचसा भाग याच परंपरेतून आलेला असल्याने असे निकाल आदराने वाचले जातात. इजा होण्याची शक्यता जास्त आहे, किंवा झाली तर ती जास्त गंभीर ठरेल, हे माहीत असेल, तर काळजीही त्या प्रमाणात वाढते. फिट येणाऱ्या मुलाने कोणाचीही सोबत नसताना जिन्यावर असणे हा, इतर मुलांच्या तुलनेत, वेगळ्याच पातळीचा धोका आहे.

याला आता कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत आणि परिसर सुगम करावा, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी आणि वैयक्तिक स्वरूपाचे सहाय्य पुरवावे, असे त्याचे कलम १६ सांगते. तुमची शाळा विनाअनुदानित असली, तरी मान्यताप्राप्त असल्याने या कलमातून सुटत नाही. शाळा मनुष्यबळाची सबब सांगेल. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा रजनीश कुमार पांडे प्रकरणातील २०२१ चा निकाल दाखवावा: प्राथमिक स्तरावर दर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण त्यात धरलेले आहे. शाळेत विशेष शिक्षक आहेत का, किती मुलांमागे आहेत आणि त्या दिवशी हजर होते का, हे तीन प्रश्न तुमच्या पहिल्याच पत्रात असावेत.

एक मर्यादा मात्र मी प्रत्येक पालकाला सांगतो. शाळेत झालेली प्रत्येक इजा भरपाईस पात्र ठरत नाही. मैदानावर दोन शिक्षक हजर आहेत, मुलाला पूर्वी तसा काही त्रास झालेला नाही, आणि खेळता खेळता अडखळून तो पडला, तर तो अपघात आहे. दिव्यांग मुलांनाही पळण्याचा, खेळण्याचा, गुडघे फोडून घेण्याचा हक्क आहे. इजेच्या भीतीने शाळा त्यांना बाकावर बसवून ठेवू लागल्या, तर सर्वांत जास्त नुकसान याच मुलांचे होईल. तुमच्या प्रकरणाला बळ येते ते पडण्यामुळे नव्हे. त्याआधी मुलगा वर्गात नाही, हे कोणालाच कळले नाही, आणि बदली व्यवस्था केलेली नव्हती, यामुळे येते.

शॅडो टीचर तुम्ही नेमली होती, पगार तुम्ही देत होता, म्हणून तिच्या गैरहजेरीची जबाबदारी तुमची, असा युक्तिवाद शाळा नक्की करेल. तो मला टिकणारा वाटत नाही. रजेची सूचना मिळाल्यावर शाळेकडे दोन मार्ग होते: शाळेतली मदतनीस ताई किंवा विशेष शिक्षिका मुलासोबत ठेवणे, किंवा आज सोय होत नाही, असे लगेच कळवून तुमच्याशी बोलणे. यातला दुसरा मार्ग सवयीचा झाला तर तो स्वतंत्र तक्रारीचा विषय होतो, पण निदान मूल सुरक्षित राहते. शाळेने तिसरेच केले: मूल घेतले आणि व्यवस्था केली नाही. ज्या क्षणी मूल फाटकातून आत घेतले, त्या क्षणी त्याचा ताबा आणि काळजी शाळेकडे गेली. शाळेने पोहण्याचा तास बाहेरच्या व्यक्तीकडे सोपवला, तरी मुलाबाबतचे तिचे कर्तव्य त्यासोबत सोपवले जात नाही, असा निर्णय इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वुडलंड प्रकरणात दिला आहे. आपल्याकडेही हा युक्तिवाद मांडता येतो. शिवाय नेमणुकीत किंवा रजेत पालकांची काही चूक निघालीच, तरी ती मुलाच्या हक्काच्या आड सहजासहजी येत नाही, कारण भरपाईचा दावा मुलाचा असतो, तुमचा नव्हे.

हमीपत्राने घाबरून जाऊ नका. ते लिहून घेतले नाही तर प्रवेशच मिळणार नाही, अशा स्थितीत बहुतेक पालक सही करतात. कायद्याने जे कर्तव्य शाळेवर टाकले आहे, ते पालकाच्या एका सहीने नाहीसे होत नाही; सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ नुसार निरर्थक ठरतो. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचा पुढे उद्भवणारा हक्क पालकाने आधीच सोडून दिला, हेही न्यायालय मान्य करण्याची शक्यता फार कमी असते. केवळ दिव्यांग मुलांच्याच पालकांकडून असे हमीपत्र घेतले जात असेल, तर तो भेदभावाचा लेखी पुरावा ठरतो. म्हणून त्याची प्रत मिळवा आणि जपून ठेवा. शाळेला ते ढाल वाटत असले, तरी तुमच्या वकिलाला ते उपयोगी पडेल.

आता पुराव्याकडे येऊ. अशी प्रकरणे बहुधा पहिल्या काही दिवसांतच भक्कम होतात किंवा ढासळतात. सीसीटीव्हीचे चित्रण बहुतेक यंत्रणांमध्ये ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांमध्ये कॅमेरे बंधनकारक करणारा शासन निर्णय काढला आहे. तेव्हा कॅमेरे नव्हते, हे उत्तर शाळेला अडचणीचेच ठरेल. आजच मुख्याध्यापकांना लेखी पत्र आणि ईमेल पाठवा. त्या दिवसाचे, त्या मजल्याचे आणि जिन्याचे चित्रण पुसू नये, अशी स्पष्ट मागणी करा, वेळ लिहा, आणि पत्राची पोच घ्या. त्याच पत्रात शिक्षकांचे हजेरीपत्रक, त्या तासाचे वेळापत्रक, अपघात नोंदवही आणि मुलाच्या फाइलमधील वैयक्तिक शैक्षणिक आराखडा यांच्या प्रती मागा. मागूनही शाळेने चित्रण दिले नाही किंवा ते पुसले गेले, तर न्यायालय तिच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. जी बाब एखाद्याच्या खास माहितीतील आहे, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो, असे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १०९ सांगते. दुपारच्या त्या वेळी मुलगा कोणाच्या ताब्यात होता, ही गोष्ट शाळेखेरीज दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

तुमच्याकडचा पुरावाही तितकाच मोलाचा आहे. सकाळचा मेसेज मोबाइलमधून काढू नका. फोन बदलायचा झाला तर वकिलांना विचारल्याशिवाय जुना विकू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र द्यावे लागते. प्रवेश अर्जात निदान लिहिले होते का, डॉक्टरांचे पत्र शाळेला दिले होते का, पूर्वी तो वर्गाबाहेर गेल्याच्या तक्रारी शाळेनेच डायरीत लिहिल्या होत्या का, हे सगळे एकत्र करा. पालक अशा डायरीतल्या तक्रारींनी दुखावलेले असतात आणि पाने फाडून टाकतात. पण शाळेला धोका माहीत होता, याचा त्याहून चांगला पुरावा मिळत नाही. मुलगा बोलत नसेल किंवा कमी बोलत असेल, तरी त्याची साक्ष आपोआप बाद होत नाही. प्रश्न समजून उत्तर देऊ शकणारी कोणतीही व्यक्ती साक्ष देऊ शकते, आणि तोंडी बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद त्याच अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये आहे. मात्र घरी त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून त्याचे व्हिडिओ काढू नका. त्याने मुलाला त्रास होतो आणि पालकांनी शिकवून बोलायला लावले, असा आरोपही होतो.

नुकसान मोजताना बहुतेक वकील रुग्णालयाच्या बिलापाशी थांबतात. दिव्यांग मुलाच्या बाबतीत हा फार मोठा दोष राहतो. हाड सहा आठवड्यांत जुळते, पण तेवढ्या काळात ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः करायला शिकवणारे उपचार) थांबते, स्वतः जेवण्याची किंवा कपडे घालण्याची वर्षभर कष्टाने लावलेली सवय मोडते, जिन्याची भीती बसते, झोप बिघडते आणि फिटचे प्रमाणही वाढू शकते. हे सर्व नुकसान भरपाईच्या हिशेबात येते, कारण ज्याला इजा केली तो आधीच नाजूक अवस्थेत होता, ही सबब इजा करणाऱ्याला घेता येत नाही. परंतु ते सिद्ध करायचे तर अपघातापूर्वी मूल काय करू शकत होते, हे कागदावर असावे लागते. थेरपिस्टच्या जुन्या नोंदी, प्रगतिपुस्तके, फिटची नोंदवही, अगदी वाढदिवसाचे व्हिडिओसुद्धा येथे उपयोगी पडतात. थेरपिस्टकडून आता एक लेखी अहवाल घ्या आणि तीन व सहा महिन्यांनी पुन्हा घ्या.

रकमेबाबत दिशादर्शक म्हणून मोटार अपघातांचे निकाल वापरले जातात. काजल विरुद्ध जगदीश चंद या २०२० च्या प्रकरणात बारा वर्षांच्या मुलीची बौद्धिक क्षमता अपघातामुळे नऊ महिन्यांच्या बाळाइतकी उरली होती. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी दोन मदतनिसांच्या मासिक खर्चावरून वर्षाचा खर्च काढून त्याला १८ ने गुणले आणि एकूण भरपाई ६२ लाख २७ हजार रुपये ठरवली. तुमच्या मुलाची इजा सुदैवाने तशी नाही, त्यामुळे तेवढी रक्कम डोळ्यांसमोर धरू नका. मदतनीस, थेरपी आणि आईने नोकरीतून घेतलेली बिनपगारी रजा या बाबी स्वतंत्रपणे मांडता येतात, एवढे मात्र या निकालाच्या पद्धतीवरून लक्षात घ्यावे. तसाही तो पुढे काही कमावणार नव्हता, असे कधी कधी विरुद्ध बाजूने सुचवले जाते. हे ऐकून घेऊ नका. वेदना, उपचार आणि काळजी यांची भरपाई कमाईवर अवलंबून नसते, आणि कमाईबाबत असे गृहीत धरणे हेच २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या समानतेच्या विरुद्ध आहे.

तक्रार कुठे करावी, याबाबत माझा सल्ला तुमच्या नातेवाइकांच्या सल्ल्यापेक्षा वेगळा असू शकेल. हाड मोडणे ही कायद्याने जबर दुखापत आहे, आणि निष्काळजीपणामुळे ती झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ मुलाच्या हेतुपुरस्सर दुर्लक्षासाठी आहे, आणि कलम ८५ नुसार वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या दिव्यांग बालकाबाबत त्या कायद्याच्या याच भागातील (चॅप्टरमधील) गुन्हा घडला तर शिक्षा दुप्पट होते. मुलाला मारले असेल, बांधून किंवा कोंडून ठेवले असेल, पाणी दिले नसेल, तर पोलिसांकडे जाण्यात एक दिवसही घालवू नये. तेथे २०१६ च्या कायद्याचे, दिव्यांगांवरील अत्याचारांना शिक्षा सांगणारे, कलम ९२ देखील लागू पडू शकते. पण कलम ९२ जाणूनबुजून केलेल्या कृत्यांसाठी आहे. तुमच्यासारख्या, लक्ष न ठेवल्याच्या प्रकरणात ते लावण्याचा आग्रह धरला, तर मूळ मजबूत प्रकरण कमकुवत होते.

मी तुमच्या जागी असतो तर आधी पुण्यातच कार्यालय असलेल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली असती आणि तिची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना दिली असती. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार आहेत, ते कागदपत्रे मागवू शकतात, आणि त्यांनी केलेल्या शिफारशीवर काय कार्यवाही केली, हे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवायचे असते. तेथून मोठी रक्कम मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. हात पूर्ण बरा होणार असेल, तर उद्यापासून तुमच्या मुलासोबत कोण असेल, हे लेखी ठरवून घेणे बहुधा रकमेहून मोलाचे ठरते. हाताला कायमचे अधूपण येणार असेल, तर दिवाणी दावा टाळू नका. त्याला वर्षे लागतील, हे खरे. पण दिव्यांग व्यक्ती आणि बालक या दोन्ही नात्यांनी तुमच्या मुलाला विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळू शकतो. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र मी सुचवणार नाही. शिक्षण ही ग्राहक कायद्याखालील सेवा आहे का, यावर निकाल उलटसुलट आहेत, आणि २०२० मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने शैक्षणिक संस्थांना, शिकवणी वर्गांचा अपवाद वगळता, त्याबाहेर ठेवले आहे.

मुदतीबद्दल एवढे लक्षात ठेवा. अशा दिवाणी दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे असते आणि मूल अज्ञान असेपर्यंत मुदत कायद्याचे कलम ६ त्याला संरक्षण देते, त्यामुळे सज्ञान झाल्यावरही तीन वर्षे दावा करता येतो. शाळा सरकारी, महानगरपालिकेची किंवा जिल्हा परिषदेची असेल, तर पूर्वसूचनेची आणि काही कायद्यांत खूपच छोट्या मुदतीची अट असते. इजा स्कूल बसमध्ये झाली असेल, तर प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाते आणि १ एप्रिल २०२२ पासून तेथे सहा महिन्यांची मुदत आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तरी त्यावर विसंबून राहू नये.

शाळा रुग्णालयाचा खर्च देऊन प्रकरण मिटवायला तयार झाली, तर रक्कम नाकारण्याचे कारण नाही, पण "यापुढे कोणतीही तक्रार नाही" अशा कागदावर सही करू नका. खर्चापोटी मिळालेली रक्कम, एवढीच पावती द्या. दावा दाखल झाल्यावर अज्ञान मुलाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. मुलाला कमी पैशांत गप्प बसवले जाऊ नये, यासाठीच ती अट आहे.

तडजोडीत पैशांसोबत लेखी सुरक्षा आराखडा मागा. शॅडो टीचर रजेवर असेल त्या दिवशी मुलासोबत कोण असेल, त्याचे नाव त्यात असावे. दर तासाला हजेरी कोण घेईल, वर्गाचे दार आणि जिना यांवर कोणाचे लक्ष असेल, फिट आली तर कुशीवर वळवणे, वेळ मोजणे, डॉक्टरांनी लिहून दिलेले तातडीचे औषध देणे आणि पाच मिनिटांत ती थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलावणे ही कामे कोण करेल, हेही असावे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तुमचे संमतिपत्र सोबत जोडा, नाहीतर शिक्षक औषधाला हात लावायला धजावणार नाहीत, आणि त्यांची ती भीती रास्त आहे.

शेवटची शंका तुम्ही विचारलेली नाही, पण जवळजवळ प्रत्येक पालकाच्या मनात असते: तक्रार केली म्हणून शाळा मुलाला काढून टाकेल का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांना तो कायदा लागू नसला, तरी मान्यताप्राप्त असल्यास २०१६ च्या कायद्यातील भेदभावाची मनाई त्यांनाही लागू आहे. दाखला न मागता हातात दिला गेला, "दुसरी योग्य शाळा बघा" असे तोंडी सांगितले गेले किंवा मुलाला "तात्पुरते" घरी ठेवायला सांगितले, तर त्याच दिवशी शाळेला ईमेल करून ते शब्द तसेच्या तसे नोंदवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो ईमेल आयुक्तांकडील तक्रारीला जोडून तातडीच्या अंतरिम निर्देशाची मागणी करा.